गायक गैरहजर, मैफल भरगच्च

शब्द स्वतः लिहायचे, चाल स्वतः बांधायची आणि गायलाही स्वतःच बसायचे, असा तिहेरी उद्योग करणाऱ्याला आपल्या संगीतशास्त्रात वाग्गेयकार म्हणतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात अशा माणसाच्या अंगी काय काय हवे याची यादीच दिली आहे. व्याकरण हवे, कोश मुखोद्गत हवा, छंद-अलंकार-रसांची जाण हवी, देशोदेशीच्या भाषा हव्यात, गळा गोड हवा आणि एवढे सगळे जमल्यावर रागद्वेषही सोडलेला हवा. ही जाहिरात वाचून एकाही उमेदवाराने अर्ज केला नसता. तरी दक्षिणेत असा एक जण होऊन गेला याबद्दल तिकडे कुणाला शंका नाही. त्याचे नाव त्यागराज. जन्म १७६७ साली तिरुवारूरला, मुक्काम तंजावूरजवळच्या तिरुवैयारूला आणि देह ठेवला तोही तिथेच, कावेरीच्या काठी, ६ जानेवारी १८४७ रोजी. मागे राहिलेल्या कृती सुमारे सातशे. आवडत्या वाग्गेयकाराला त्याच्या गावी जाऊन ऐकावे म्हणून दर वर्षी हजारो चाहते तिरुवैयारूला जमतात. गायक पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ गैरहजर आहे, ही बाब उपस्थितीच्या आड कधी आलेली नाही.

या उत्सवाला आराधना म्हणतात. तिथी पौष वद्य पंचमी. ती बहुधा जानेवारीत येते, एखाद्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घसरते. महाराष्ट्रात पौष हा भाकड महिना; लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. त्यामुळे मराठी चाहत्याला घरून परवानगी लवकर मिळते. परवानगी मिळत नाही ती रेल्वेची, कारण याच सुमारास पोंगल असतो आणि चेन्नईत नोकरीला असलेला अर्धा कावेरीकाठ गावी निघालेला असतो. आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि चाहता पंचांगात तिथी शोधून चष्मा पुसेपर्यंत मिटते. शेवटी पुण्या-मुंबईहून चेन्नई सेंट्रल, तिथून सामानासह एग्मोर, तिथून रात्रीची गाडी, असा प्रवास मिळेल त्या बर्थवर करावा लागतो. सेंट्रल आणि एग्मोर ही दोन स्टेशने नकाशात हातात हात घालून उभी दिसतात. हातात दोन बॅगा, चकलीचा डबा आणि दोरीने बांधलेली वळकटी असली की तसे वाटत नाही.

त्यागराजांचा मराठी चाहता हा प्राणी मुळात दुर्मीळ. तो बहुधा किराणा घराण्याच्या वाटेने तयार होतो. मिरजेचे अब्दुल करीम खाँ दक्षिणेत वरचेवर जात. तिथल्या सरगमेवर ते लुब्ध होते आणि ‘राम नी समानमेवरु’ ही त्यागराजांची खरहरप्रियातली कृती त्यांनी चक्क तबकडीवर गाऊन ठेवली आहे. शब्द तेलुगू, राग कर्नाटक, गळा किराण्याचा. काकांच्या संग्रहात ही तबकडी लहानपणी कानावर पडली की बीज पडते. पुढे कर्नाटक गायक मैफलीच्या शेवटी नामदेव-तुकोबांचे अभंग रंगवून गातात हे कळते. ‘ते आपले गातात, मग आपण त्यांचे ऐकायला नको का’ असा परतफेडीचा विचार त्यातून निघतो आणि मराठी माणसाने एकदा परतफेड मनावर घेतली की ती व्याजासकट होते.

चाहता एकटा निघत नाही. बरोबर एक मेहुणा असतो. कर्नाटक संगीत म्हणजे ‘सूर सारखा हलवत गातात ते’ एवढेच त्याला ठाऊक. तो येतो ते मोठे देऊळ पाहायला, फिल्टर कॉफी प्यायला आणि रजा वाया जाऊ नये म्हणून. तरुणपणी भजनी मंडळात टाळ वाजवल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. तो या कामी उपयोगी पडेल असे त्याच्यासह कुणालाच वाटत नाही.

एग्मोरहून सुटलेली गाडी तांबरम ओलांडून चेंगलपट्टूच्या अलीकडे सिंगपेरुमाळकोविल नावाच्या लहानशा स्टेशनातून जाते. १९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली म्हणून ते या स्टेशनावर उतरले आणि तिथेच त्यांनी प्राण सोडला. हे स्टेशन पाहण्यासाठी चाहता जागा राहतो. मेहुण्यालाही त्याने बजावून ठेवलेले असते. प्रत्यक्षात मेहुण्याला हलवून, उठवून, खिडकीशी आणून हात जोडायला लावेपर्यंत चेंगलपट्टू आलेले असते आणि दोघांचा नमस्कार एका चहावाल्याला पोचतो. चहावालाही तो स्वीकारतो.

पहाटे खिडकीबाहेर भात दिसू लागतो. मग भातच दिसत राहतो. कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश तमिळनाडूचे कोठार समजला जातो. मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटते आणि २८ जानेवारीला बंद होते, त्यामुळे आराधनेच्या दिवसांत नद्या-कालव्यांना बहुधा पाणी असते आणि कापणीही चाललेली असते. त्यागराज ज्या उंछवृत्तीवर जगले तिचा अर्थ हा भात पाहिल्यावर लागतो. रोज सकाळी तंबोरा घेऊन गात गल्लीतून फिरायचे, दारोदारी मूठभर तांदूळ झोळीत पडायचे, त्यावर घरचे आणि शिष्यांचे जेवण. ज्या मुलखात तांदूळच तांदूळ आहे, तिथेच हे चालते. दुष्काळी तालुक्यात याच वृत्तीने एक कृतीसुद्धा पुरी झाली नसती.

तंजावूरला उतरल्याबरोबर मराठी चाहत्याच्या चालण्यात फरक पडतो. खांदे मागे जातात. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात हे राज्य घेतले आणि १८५५ पर्यंत गादीवर भोसलेच होते. ‘इथं आपलं राज्य होतं’ हे तो सर्वप्रथम रिक्षावाल्याला सांगतो. रिक्षावाला मराठी समजत नाही, पण माणूस बाहेरगावचा आहे एवढे समजतो आणि भाडे त्या हिशेबाने सांगतो. हॉटेलात इडलीबरोबर सांबार आले की चाहता संभाजीराजे, आमसूल आणि तुरीची डाळ यांची गोष्ट सुरू करतो. या गोष्टीला कागदोपत्री आधार नाही. मात्र ती मराठीत आणि सांबारात बुडवून सांगितली की खरी वाटते.

मोठ्या देवळात, म्हणजे राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेल्या बृहदीश्वरात, शिखर बघताना टोपी पडते हे सर्वांनी लिहिले आहे. संगीताच्या चाहत्याने शिखराऐवजी भिंतीकडे बघावे. राजराजाने देवळाच्या सेवेला आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्या कोणत्या आळीत, कितव्या घरात राहत, त्यांना वाटा किती मिळे, हे सगळे तिथे दगडात कोरलेले आहे. कलावंतांचे पत्ते हजार वर्षे जपणारी दुसरी संस्था दाखवता येणार नाही. याच आवारात १८०३ साली सरफोजी राजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला आहे आणि तो चांगला लांबलचक आहे. चाहता छाती भरून तो मोठ्याने वाचू लागतो. चौथ्या-पाचव्या ओळीत अडखळतो. मेहुणा विचारतो, “भावोजी, पुढं काय झालं?” पुढे काय झाले ते चाहता मग पाठ्यपुस्तकातून सांगतो.

तंजावूरच्या भोसल्यांना गाण्याबजावण्याचे वेड होते आणि त्यातले काही स्वतःच वाग्गेयकार होते. १६८४ ते १७१२ राज्य केलेल्या शहाजी राजांनी तेलुगूत आणि मराठीत नाटके व पदे रचली. त्यांच्या मराठी नाटकांना मराठी रंगभूमीच्या इतिहासात विष्णुदास भाव्यांच्या कितीतरी आधीची जागा आहे. तुळजाजींनी ‘संगीत सारामृत’ हा शास्त्रग्रंथ लिहिला. दुसरे सरफोजी यांनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणले, दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक रचले. त्यात डोंगरात राहणारी, भविष्य सांगणारी कुरवंजी गाण्यांतून जगाचा भूगोल सांगते. खंड, देश, समुद्र, सारे सुरात. भूगोलाला चाल लावणारा हा एकमेव छत्रपती असावा.

याच सरफोजींच्या बाबतीत मराठी चाहत्याची खरी पंचाईत होते. परंपरा सांगते की राजांनी त्यागराजांची कीर्ती ऐकून दरबारात येऊन गाण्याचे निमंत्रण धाडले, बरोबर नजराणाही. त्यागराजांनी दोन्ही परत केले. धन मोठे की रामाची सन्निधी, असा प्रश्न विचारणारी ‘निधि चाल सुखमा’ ही कल्याणी रागातली कृती या प्रसंगाची मानली जाते. घरात आलेली लक्ष्मी परत गेल्याने थोरले भाऊ इतके संतापले की त्यांनी पूजेतल्या राममूर्ती कावेरीत फेकल्या. मग त्या सापडेपर्यंत विरहाच्या कृती झाल्या आणि सापडल्यावर आनंदाच्या. म्हणजे एका मराठी राजाने एक निमंत्रण पाठवले आणि कर्नाटक संगीताला कृतींची एक लडच मिळाली. नाटके लिहून, ग्रंथालय उभारून सरफोजींनी संगीताची जेवढी सेवा केली, त्याहून अधिक सेवा त्यांच्या हातून नकार ऐकून घडली असे चाहते मानतात. राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये उभ्या उभ्या हा प्रसंग मेहुण्याला सांगावा लागतो.

“म्हणजे आपल्या राजाला ते नाही म्हणाले?”

“हो.”

“आणि आपण त्यांच्याच उत्सवाला चाललोय, पदरचं भाडं घालून?”

“हो.”

मेहुणा थोडा विचार करतो. “पण भावोजी, बरंच झालं की. इथं गात बसले असते तर आपल्याला आत कोण सोडत होतं? गल्लीत गायले म्हणून तर सगळ्यांना ऐकू आलं.”

या विषयावर संगीतज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. मुद्दा बहुतेक हाच आहे.

तंजावूरहून तिरुवैयारू बारा-तेरा किलोमीटर. वाटेत वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी अशा पाच नद्या लागतात. पाच नद्यांचे गाव म्हणूनच त्याला पंचनद क्षेत्र म्हणतात. बसमध्ये खिडकीशी बसलेल्या प्रत्येक परगावच्या प्रवाशाने पूल मोजायचे असतात. चाहता चार मोजतो, मेहुणा सात, कारण कालव्यावरच्या मोऱ्यांनाही त्याने नदीचा मान दिलेला असतो. कंडक्टरला विचारावे तर तो शिट्टी वाजवतो. बस स्टँडजवळ उतरल्यावर पहिला वास येतो तो अशोका हलव्याचा. मुगाच्या डाळीचा, तुपात न्हालेला, केशरी रंगाचा हा हलवा तिरुवैयारूची खासियत. केळीच्या पानावर गरम गोळा पडला की तो खाली पडेल का बोट भाजेल, यांपैकी एक नक्की होते.

आराधनेच्या दिवसांत कावेरीच्या काठी मोठा मांडव पडतो. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत गायक-वादक एकामागून एक व्यासपीठावर येतात, त्यागराजांच्या एक-दोन कृती सादर करतात आणि उतरतात. बिदागी नसते. एरवी ज्यांच्या तिकिटासाठी रांग लागते ते दिग्गजही पंधरा-वीस मिनिटांत आटोपतात आणि शेजारी नुकताच आवाज फुटलेला मुलगाही तितकाच वेळ घेतो. सवाई गंधर्व महोत्सवात एका रागाला तासभर देण्या-घेण्याची सवय असलेला मराठी श्रोता इथे कासावीस होतो. तो मांडी जुळवून, पाणी पिऊन, डोळे मिटून तयार होईपर्यंत गायिका तंबोरा उचलून निघालेली असते. पण हळूहळू लक्षात येते की इथे गायकाला ऐकायला कुणी आलेलेच नाही. जो तो रचनाकाराच्या दारात हजेरी लावून जातो. गायक म्हणजे रांगेतला पुढचा माणूस.

ऐकण्याच्या पद्धतीही समजून घ्याव्या लागतात. मराठी श्रोता जागा आवडली की ‘वाहवा’ म्हणतो आणि हात उंचावतो. तिकडचा श्रोता मांडीवर ताल मोजतो आणि फारच आवडले तर जिभेने ‘च् च्’ असा आवाज काढतो. महाराष्ट्रात हा आवाज कुणी गेले असेल किंवा दूध उतू गेले असेल तर काढतात. एक तरुण गायिका तोडीची कृती रंगवत असताना मागच्या चार रांगांतून ‘च् च्’ ऐकू आले तेव्हा मेहुण्याला तिची दया आली आणि ती उतरल्यावर तिचे सांत्वन करावे असे त्याने सुचवले. माना मात्र दोन्हीकडे सारख्याच हलतात. उलट इथे त्या आडव्या, उभ्या आणि गोल अशा तिन्ही दिशांनी हलतात. बाजारात मिळणाऱ्या तंजावूरच्या बाहुलीची मान तशी का बसवली आहे ते मांडवात दोन तास बसल्यावर कळते.

पंचमीचा दिवस पहाटे सुरू होतो. तंजावूरला उतरलेले लोक अंधारातच पहिली बस धरतात. त्यागराज राहत त्या तिरुमंजन वीथीतून समाधीपर्यंत उंछवृत्तीची दिंडी गात निघते. दिंडी, झोळी, नामस्मरण हे सर्व पाहून मेहुणा प्रथमच खुशीत येतो आणि चप्पल काखेत मारून तीत शिरतो. चाहता मात्र मांडवात जागा धरायला पळतो. ही घाई अनाठायी नसते. समाधीसमोर गायक-वादक दोन भागांत समोरासमोर बसतात, मधून देवाकडे जाणारी वाट मोकळी ठेवतात. पुढे नामवंत, मग कमी नामवंत, मग शिष्य, मग शिष्यांचे पालक, मग हौशी. हौशी कुठे संपतात आणि श्रोते कुठे सुरू होतात ती सीमा कुणीही आखलेली नाही. मांडवाच्या मागच्या खांबापर्यंत लोकांच्या मांडीवर पुस्तके उघडी असतात.

स्त्रिया आणि पुरुष आज समोरासमोर बसून गातात, तेवढ्यासाठी एका बाईने आयुष्य वेचले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आराधनेत थोरला पक्ष आणि धाकटा पक्ष असे दोन तट होते. त्यांच्या पूजा वेगळ्या, जेवणावळी वेगळ्या, रुसवे वेगळे. मराठी संस्थांच्या सर्वसाधारण सभांना गेलेल्या वाचकाला हे चित्र वेगळे सांगायला नको. एका बाबतीत मात्र दोन्ही पक्षांचे एकमत होते: बायकांनी इथे गायचे नाही. बेंगळुरूच्या नागरत्नम्मा या देवदासी परंपरेतल्या नामवंत गायिका. समाधीची दुरवस्था कळल्यावर त्यांनी आपली कमाई आणि दागिने यांतून जागा घेतली, १९२१ मध्ये काम सुरू केले आणि १९२५ मध्ये मंदिर उभे राहिले. मंदिर बांधणाऱ्या बाईलाच त्याच्यासमोर गायला बंदी! नागरत्नम्मांनी भांडत बसण्याऐवजी बायकांची तिसरी आराधना सुरू केली. १९४०-४१ च्या सुमारास तिन्ही पक्ष एक झाले आणि ‘पंचरत्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यागराजांच्या पाच कृती सर्वांनी मिळून गाण्याची प्रथा रुळली. सगळेच एकदम गाऊ लागले की आधी कोण, नंतर कोण, हा वाद मिटतो. एवढा सोपा तोडगा सापडायला इतकी वर्षे लागली. नागरत्नम्मा १९५२ साली वारल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समोरच आहे आणि तिथे बसलेली त्यांची मूर्ती सगळ्या गायकांवर लक्ष ठेवून असल्यासारखी वाटते.

आत अभिषेक चालू असतो. नागस्वराचे मंगलवादन होते. बासरी वाजते. दूरदर्शनचे कॅमेरे वळतात, आकाशवाणीचा माणूस कानाला हात लावतो आणि शेकडो गळ्यांतून एकाच वेळी नाट राग उठतो.

पंचरत्नांतल्या पाचही कृती आदितालात. आठ मात्रांचा हा ताल हातावर धरायचा: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधले बोट, पुन्हा टाळी आणि हात उलटा, टाळी आणि हात उलटा. चाहत्याला हे पुस्तकातून ठाऊक असते. मांडवात मात्र त्याच्या बोटांचा क्रम चुकतो, कारण त्याच वेळी वहीत ओळ शोधायची असते. ही वही त्याने सहा महिने खपून देवनागरीत लिहिलेली. बाहेर मिळणाऱ्या पुस्तिका तमिळ लिपीत असतात आणि तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर असल्याने तेलुगू-संस्कृत उच्चार कळावेत म्हणून अक्षरांना बारीक आकडे जोडलेले असतात. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, लोक बीजगणित गात आहेत.

चाहत्याच्या शेजारी एक तंजावूरकर मराठी आजोबा बसतात. तीनशे वर्षांमागे आलेल्या कुटुंबांपैकी. शब्द ओळखीचे, हेल तमिळ. काही शब्द असे की चाहत्याने ते फक्त बखरीत वाचलेले. दिंडीबरोबर येऊन मधेच बसकण मारलेल्या मेहुण्याच्या हाताकडे बघून ते म्हणतात, “तुम्ही टाळ वाजवता की नाही?” मेहुणा चकित होतो. आजोबा त्याची बोटे आपल्या हातात घेऊन दोन आवर्तने मोजून दाखवतात. तिसऱ्याला मेहुणा स्वतंत्र झालेला असतो.

पहिली कृती ‘जगदानंदकारक’, संस्कृतात. रामाच्या नावांची रास. संस्कृत असल्यामुळे मराठी माणूस इथे बराच वेळ पाण्यावर तरंगतो. राग नाट कानाला आपल्या जोगच्या जवळचा वाटतो. चरण आधी स्वरांत आणि मग त्याच चालीवर शब्दांत गायचा असतो; चाहता स्वरांच्या वेळी शब्द आणि शब्दांच्या वेळी स्वर वाचतो. दुसरी ‘दुडुकुगल’, गौळ रागात, इथून पुढे सर्व तेलुगू. त्यागराज यात आपल्याच दोषांचा पाढा वाचतात आणि अशा माणसाला कोणता राजकुमार तारील असे विचारतात. दोष इतके तपशीलवार आहेत की ऐकणाऱ्याला आपले सापडतातच. हजारो माणसे खड्या आवाजात, तालात, एकमताने आपले अवगुण जाहीर करत आहेत, हे दृश्य अन्यत्र दुर्मीळ. तिसरी ‘साधिंचेने’, आरभीत. देवाने शेवटी आपलेच खरे केले, अशी लाडिक तक्रार. आरभी चढताना थेट दुर्गा, उतरताना नाही; मराठी श्रोता चढतो आनंदात आणि उतरताना पाय घसरतो. पण याच कृतीत मांडव सर्वांत खुलतो, कारण मूळ ओळीवर परत येण्याची जागा सर्वांना ठाऊक असते आणि त्या जागेवर मागच्या खांबाजवळचा कॉफीवालासुद्धा येतो.

चौथीला आवाज निम्म्यावर येतो. ‘कनकनरुचिरा’ वराळी रागात आहे आणि वराळी गुरूने शिष्याला समोर बसवून शिकवली तर दोघांत वितुष्ट येते असा जुना समज आहे. परिणामी ही कृती पुष्कळांची कच्ची राहते. पुढच्या रांगा निष्ठेने गातात, मागच्या रांगा ओठ हलवतात. शिष्यांची भीड संपली की समजावे, चौथी संपली.

मग पाचवी. ‘एंदरो महानुभावुलु’, श्री रागात. चाहत्याने घरी मेहुण्याला आधीच सांगून ठेवलेले असते की श्री हा संध्याकाळचा, गंभीर, अवघड राग. तो हिंदुस्थानी श्री. कर्नाटक श्रीचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. तो मोकळा, उजेडातला, सारंगाच्या गोत्रातला. चाहता कोमल रिषभाच्या शोधात असताना अख्खा मांडव भलत्याच सुरावर निघून गेलेला असतो. जगात जे कोणी थोर भक्त आणि गायक झाले त्या सर्वांना नमस्कार, असा या कृतीचा आशय. ज्यांनी ज्यांनी तोवर तोंड उघडले नव्हते तेही इथे उघडतात. मेहुणा शब्दांच्या वाटेला न जाता ताल धरून मोठ्याने ‘आ’कारात गात असतो आणि आवर्तनाच्या टाळीवर तो आणि मांडव एकाच वेळी पोचतात. वहीवाला चाहता अर्धी मात्रा मागे. प्रत्येक कृतीच्या शेवटी रचनाकाराचे नाव येते, आपल्याकडच्या ‘तुका म्हणे’सारखे. ते आले की शेजारचे आजोबा डोळे मिटून हात जोडतात. चाहताही जोडतो, वही मांडीवरून पडते.

सगळे मिळून तासाभराहून थोडे अधिक. मंगल होते, आरती होते आणि मांडव अशा वेगाने रिकामा होतो की खांब एकदम लांब लांब दिसू लागतात. नामवंत पाया पडणाऱ्यांच्या घोळक्यातून गाड्यांकडे जातात. नागरत्नम्मांच्या समाधीपाशी फुले वाहण्यासाठी बायकांची रांग लागते. पुढे दुपारभर आणि रात्री पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांची हजेरी चालू राहते आणि शेवटी आंजनेय उत्सवाने सांगता होते, कारण राम जिथे तिथे मारुती शेवटपर्यंत थांबणारच.

परतीच्या गाडीत चाहता भ्रमणध्वनीवर केलेले ध्वनिमुद्रण लावतो. शेकडो गायक, पन्नासेक मृदंगे आणि व्हायोलिने दूर कुठेतरी आहेत. जवळ आहे तो एकच आवाज: दणदणीत, निःशंक, शब्दहीन, तालाला पक्का. दर आवर्तनाला त्यात ‘भावोजी, पुढचं पान’ अशी सूचनाही आहे. चाहता ते पुसायला निघतो. मेहुणा त्याचा हात धरतो, म्हणतो, “राहू द्या. पुढच्या वर्षी चौथी तेवढी बसवून येऊ.” आणि पौष वद्य पंचमी कोणत्या वारी येते ते बघायला पंचांग मागतो.